इतर औषधे : निरंक

३ मार्च, सकाळी ७.१०

कालचा वृत्तान्त मुद्देसूद लिहून ठेवणे आवश्यक आहे, कारण घरात माझ्याखेरीज कोणी तो शांतपणे ऐकून घेतलेला नाही.

दादाच्या यकृतातील गाठीवर गेले आठ महिने जी गोळी चालू होती, ती आता लागू पडत नाही. गोळी तीच, वेळ तीच, मात्राही तीच. गाठ मात्र वाढली. डॉक्टरीणबाईंनी (वय पस्तिशीच्या आतले, हे नमूद करतो) कागदावर चित्र काढून समजावले. कॅन्सरच्या पेशींना म्हणे पंप असतात. आत शिरलेले औषध ते बाहेर फेकून देतात. शिवाय औषधाने वाढीचा एक रस्ता अडवला, तर गाठ दुसरी गल्ली शोधते. दादा म्हणाला, म्हणजे चाळीस वर्षं पाट्या रंगवून मला जे जमलं नाही ते हिला आठ महिन्यांत जमलं, ही गाठ माझ्यापेक्षा हुशार निघाली. वहिनी म्हणाल्या, अहो, निदान इथे तरी गप्प बसा.

दुसरे एक औषध आहे. मंजुरी आणि पुरवठा यांस सहा आठवडे लागतील. अट एकच : त्या दिवशी यकृताचे काम आजच्याइतके चांगले असले पाहिजे. यकृत ढासळले, तर ते औषध देता येणार नाही आणि त्यानंतर तिसरे काही नाही.

सहा आठवडे नुसते बसून राहणे माझ्या स्वभावात नाही. संकल्प : विषयाचा समग्र अभ्यास.

६ मार्च, सायं. ६.३०

सत्तावीस शोधनिबंध वाचले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असलो, तरी एकोणतीस वर्षे विमा कंपनीच्या दावे तपासणी विभागात वैद्यकीय कागद वाचतो आहे. डॉक्टरांची अक्षरे लागणारा आमच्या मजल्यावर मी एकटाच.

निष्कर्ष सुस्पष्ट आहे. वनस्पतींमध्ये अशी द्रव्ये आहेत की जी ते पंप बंद पाडतात. हळदीतील एक, हिरव्या चहातील एक. निर्ढावलेल्या पेशी पुन्हा औषधाला दाद देऊ लागतात. हे छापलेले आहे, आकृत्यांसह. डॉक्टरीणबाईंनी याचा चकार शब्द काढला नाही. वाचनाला वेळ मिळत नसावा. दोष देत नाही.

दोन फोल्डर केले : ‘उपयुक्त’ आणि ‘अप्रस्तुत’.

८ मार्च

पुतणीशी चर्चा. दादाची ही एकुलती एक मुलगी औषधशास्त्र शिकलेली असून एका प्रयोगशाळेत नोकरी करते. तिने पाच मिनिटांत निबंध चाळून विचारले, काका, हे सगळं प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या पेशींवर आहे, वाचलंत ना? बशीत उकळता चहा ओतला तरी कॅन्सरच्या पेशी मरतात. म्हणून काय बाबांच्या अंगावर ओतायचा? मी म्हणालो की काही प्रयोग उंदरांवरही आहेत. ती म्हणाली, उंदरांचे कॅन्सर आम्ही कधीच बरे केलेत, उंदीर मजेत आहेत. या वनस्पतींतून खरंच औषधं निघतात काका, पण त्याला वर्षं लागतात. तुम्ही कृपा करून काही करू नका.

हुशार आहे, परंतु उतावळी. शिक्षणाने माणूस भित्रा होतो, हे माझे जुनेच निरीक्षण.

९ मार्च, दु. ४.००

मात्रा निश्चित केली. वीस ग्रॅमच्या उंदराला दोन मिलिग्रॅम, तर एकसष्ट किलोच्या दादाला किती? साधे त्रैराशिक आहे. उत्तर : सहा ग्रॅम व वर शंभर मिलिग्रॅम. सुरक्षिततेच्या दृष्टीने वरचे शंभर मिलिग्रॅम सोडून दिले. हळदीच्या अर्काची कॅप्सूल अर्ध्या ग्रॅमची येते. म्हणजे रोज बारा. सोबत मिरीचा अर्क, कारण त्याने शोषण वीसपट वाढते असे वाचले. गणित दोनदा पडताळले. बरोबर आहे.

पुतणीस कळवले नाही. तिला हल्ली कामाचा ताण आहे.

१० मार्च, सकाळी ८.००

शुभारंभ. वहिनींना सांगितले की ताकदीच्या गोळ्या आहेत. हे असत्य नव्हे. ताकद हाच अंतिम हेतू आहे. दादाला मात्र सर्व खरे सांगितले, पंपासकट. तो म्हणाला, रोज बारा? म्हणजे दर तासाला एक आणि मी टोल्याचं घड्याळ? मी म्हणालो की चार-चार करून तीन वेळा. मग हसत त्याने हात पुढे केला.

तक्ता आखला. रकाने : तारीख, वेळ, संख्या, भूक, झोप, शेरा. दादाच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

१४ मार्च

रुग्णालय. रक्ताचा अहवाल उत्तम. बिलिरुबिन १.१, म्हणजे कावीळ दाखवणारा आकडा जागच्या जागी. चार दिवसांत हा परिणाम! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छान, असंच टिकवा, नवं औषध सोळा एप्रिलला सुरू करू. त्यांना कारण ठाऊक नाही याची थोडी गंमत वाटली.

खिडकीवर फॉर्म भरून दिला. रकाना सात : ‘सध्या घेत असलेली इतर औषधे, काढे, चूर्णे, पूरक गोळ्या.’ क्षणभर थांबलो. हळद स्वयंपाकघरात असते, मिरीही. स्वयंपाकघरातील वस्तूंस औषध म्हणावे, अशी व्याख्या फॉर्ममध्ये कोठेही दिलेली नव्हती. ‘निरंक’ असे लिहिले. अक्षर चांगले आले.

२२ मार्च

दादाची भूक कमी. खाज सुटते म्हणतो. शेरा : शरीरातील साचलेले बाहेर पडत असावे. असे होते, याविषयी एका संकेतस्थळावर बरेच अनुभव दिले आहेत.

हिरव्या चहाचा अर्क आजपासून समाविष्ट. सकाळी दोन, रात्री दोन. दादाने विचारले, या घड्याळाला आता अर्ध्या तासाचे टोलेही का?

सौ. म्हणाली, अहो, एवढं वाचता आहात तर एकदा त्या डॉक्टरबाईंना फोन करून विचारा ना. मी सांगितले की पूर्ण झालेले काम दाखवावे, अर्धवट दाखवू नये. ती म्हणाली की पूर्ण झालेलं काम म्हणजे तुमचे दादाच ना? बायकांना प्रत्येक गोष्टीत माणूस आणायची सवय असते.

३० मार्च, सकाळी ९.१५

महत्त्वाची नोंद. दादाच्या डोळ्यांचा पांढरा भाग किंचित पिवळसर दिसू लागला आहे. वहिनी घाबरल्या. मी त्यांना शांत केले : इतके हळदीचे सत्त्व पोटात जाते आहे, ते अंगी लागले की दिसणारच. मिरीमुळे शोषण वीसपट, हे गणित येथे डोळ्यांनी दिसते आहे. वहिनी म्हणाल्या, भावोजी, तुम्ही वाचलेलं असतं, तुम्ही म्हणता तर असेल.

नुसते ‘पिवळसर’ हा शब्द मोघम वाटला. दादाच्या जुन्या सामानातून रंगांचे शेडकार्ड काढून खिडकीच्या उजेडात डोळ्याशेजारी धरले. ‘फिका लिंबू’ अशी नोंद केली.

५ एप्रिल

शेडकार्ड : ‘गडद लिंबू’. दादाने आरसा मागितला. बराच वेळ पाहून म्हणाला, हा लिंबू नव्हे रे. हा शाळेच्या बसचा पिवळा. किती बसेस रंगवल्या मी, मला सांगतोस? धंद्यातील माणूस म्हणून त्याचे मत ग्राह्य धरले. तक्त्यात दुरुस्ती केली व आद्याक्षरे घातली.

शोषण उत्तम चालले आहे.

९ एप्रिल, कार्यालय, दु. ३.२०

एक दावा फेटाळला. अर्जदाराने दम्याचा पंप वापरत असल्याचे अर्जात लिहिले नव्हते. त्याचे म्हणणे, तो कधीमधीच वापरतो, त्याला औषध काय म्हणायचं. कमाल आहे लोकांची. नेहमीचे वाक्य घातले : ‘महत्त्वाची माहिती दडवल्यामुळे आपला दावा विचारात घेता येत नाही.’ शेजारच्या टेबलावरील बाई म्हणाल्या, साहेब, तुमच्या हातून आजवर एकही खोटं सुटलं नाही. मी म्हणालो की हा सरावाचा भाग आहे.

१६ एप्रिल, सायं. ५.००

हे सावकाश लिहितो.

बिलिरुबिन ६.२. यकृताचे बाकीचे आकडेही त्याच वाटेने. डॉक्टरीणबाईंनी अहवाल दोनदा वाचला. दादा तेव्हा बाहेर बाकावर बसला होता. त्या वहिनींना म्हणाल्या की आजार फार वेगानं पसरला असं दिसतंय, यकृत साथ सोडतंय. अशा स्थितीत नवीन औषध देता येणार नाही. आता घरी त्यांना त्रास होणार नाही एवढंच बघू.

मग त्यांनी विचारले, या महिनाभरात आणखी काही दिलंत का? काढा, चूर्ण, कोणी सांगितलेलं काही? नीट आठवून सांगा.

वहिनी म्हणाल्या, ते सगळं भावोजी बघतात हो, त्यांना विचारा. त्यांच्या हातून इकडची काडी तिकडे होत नाही.

दोघींनी माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, फक्त आपण लिहून दिलेलं.

डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतले.

१७ एप्रिल, सकाळी ६.००

कॅप्सूल बंद केल्या. दादाला सांगितले की पुरवठा संपला. कपाटात दोन पूर्ण बाटल्या आहेत.

आज ‘अप्रस्तुत’ फोल्डर उघडले. त्यात सहा निबंध होते. पैकी चार हळदीच्या व हिरव्या चहाच्या अर्कांमुळे निरोगी माणसांच्या यकृताला झालेल्या इजेविषयी. लक्षणे : भूक मंदावणे, खाज, कावीळ. एकात मिरीच्या अर्काचा स्वतंत्र उल्लेख आहे. शोषण वाढत असल्यामुळे धोकाही वाढतो. हे चारही निबंध मी सात मार्चला वाचले होते. त्यांवर माझ्या हातचा शेरा आहे : ‘नकारात्मक सूर’.

तेव्हा कदाचित आजार पसरलेला नसेल. कदाचित मीच पसरलो असेन.

संकल्प : उद्या सकाळी बरोबर नऊ वाजता डॉक्टरीणबाईंना फोन.

१८ एप्रिल

नऊ वाजता लाइन व्यस्त. नऊ वाजून दोन मिनिटांनी लागली असती; परंतु तोवर कार्यालयाची वेळ झाली.

१९ एप्रिल

फोनपेक्षा लेखी निवेदन बरे, असे ठरवले. मसुदा क्र. १ : ‘रुग्णाच्या आहारात काही वनस्पतिजन्य पदार्थांचा समावेश झाला असल्याचे निदर्शनास आले आहे.’ कोणाच्या निदर्शनास, कोणाकडून समावेश, हे मोघम राहते. मसुदा क्र. २ मध्ये ‘कुटुंबीयांकडून’ असे घातले. कुटुंबीय म्हणजे वहिनी, असा अर्थ निघतो. खोडले.

मसुदा क्र. ३ ‘मी’ या शब्दाने सुरू केला आणि तेथेच थांबला.

२० एप्रिल, कार्यालय

दम्याच्या पंपवाल्याचे पत्र टपालात जाण्यापूर्वी सहीसाठी पुन्हा आले. दुपारभर समोर होते. शेजारच्या बाईंनी विचारले, काही चूक आहे का साहेब? मी म्हणालो, पत्रात नाही.

संध्याकाळी दादाकडे गेलो. वहिनी त्याचे कपडे वेगळे काढत होत्या, कोणते कोणाला द्यायचे ते ठरवत. दादा खुर्चीत बसून सूचना देत होता की चेकचा शर्ट माझ्या भावाला दे, त्याला चौकोन आवडतात. मला शर्ट दाखवला. मी माप पाहण्याचे निमित्त करून आतल्या खोलीत गेलो.

संकल्प नाही. उद्या जाणार.

२१ एप्रिल, दु. १.४०

गेलो. आठ बाटल्या (सहा रिकाम्या), तक्ता आणि शेडकार्ड पिशवीत घेऊन. पाळी सतरावी होती. बसल्या बसल्या दोनदा उठलो आणि दोनदा परत बसलो. शेजारच्या गृहस्थांनी विचारले की पोट बिघडलं आहे का.

डॉक्टरीणबाईंना म्हणालो, मी सोळा तारखेला तुमच्याशी खोटं बोललो आणि चौदा मार्चला तुमच्या फॉर्मवर खोटं लिहिलं. मग टेबलावर बाटल्या मांडल्या.

त्यांनी विचारले, रोज किती? मी सांगितले, बारा आणि चार. त्यांनी पेन खाली ठेवले. विचारले, बारा हा आकडा कुणी काढला? मी त्रैराशिक दाखवले. त्यांनी ते पूर्ण वाचले, हे विशेष. म्हणाल्या, गुणाकार बरोबर आहे. पण उंदरावरून माणसाची मात्रा अशी वजनाच्या प्रमाणात चढवत नाहीत. तुम्ही त्यांना निदान दहापट जास्त दिलंत आणि वर मिरी.

नंतर शेडकार्ड पाहिले.  त्यांनी ओरडावे, यासाठी मी दोन-तीनदा जागा करून दिली. त्या ओरडल्या नाहीत.

एवढेच म्हणाल्या की वनस्पतींवर माझा राग नाही. आपल्या कितीतरी औषधांचा जन्म झाडापाल्यात झालाय आणि या पंपांवरही कोणीतरी त्यातूनच उत्तर काढेल. पण तुम्ही मला सांगितलं असतंत, तर मी त्यांना मरणाच्या वाटेवर धरलं नसतं. पाच दिवस मी त्यांना तसंच धरून बसले होते.

आता वाट पाहायची. अर्कामुळे झाले असेल, तर चार-सहा आठवड्यांत यकृत सावरेल. आजारामुळे असेल, तर नाही. मी विचारले, शक्यता किती टक्के? त्यांनी दुसऱ्या रुग्णाला आत बोलावले.

त्याच दिवशी, सायं. ७.००

घरी सर्वांना एकत्र बसवून सांगितले. पुतणी उठून उभी राहिली. म्हणाली, काका, मी तुम्हाला हात जोडून सांगितलं होतं. तुम्हाला बशी आणि बाबा यांत फरक कळला नाही? मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

वहिनी माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारले, ताकदीच्या म्हणाला होता ना? आणि काढलेले कपडे पुन्हा कपाटात लावू लागल्या.  चेकच्या शर्टाची तीनदा घडी केली.

दादा म्हणाला, मला ठाऊक होतं. मी विचारले, काय? तो म्हणाला, त्या गोळ्यांनीच होतंय ते. एक दिवस चुकवल्या होत्या, तर खाज कमी झाली. मी म्हणालो, तक्त्यात एकही दिवस चुकलेला नाही. तो म्हणाला, तक्ता तू भरत होतास, गोळ्या मी गिळत होतो.

मग का घेतल्या, असे मी विचारले. खरे तर जरा वरच्या पट्टीत विचारले. तो म्हणाला, आठ महिने तू माझ्याकडे यायचास आणि भिंतीकडे बघून बोलायचास. ती बाटली हातात आली तेव्हापासून माझ्याकडे बघायला लागलास. तुझ्या चेहऱ्याकडे बघून घेत गेलो. म्हटलं, याला तरी लागू पडतंय.



५ मे

बिलिरुबिन ३.४. उतरते आहे. वहिनींनी अहवाल माझ्या हातात न देता पुतणीला दिला. तो खिडकीवर मीच घेतला असता, तर अधिक सोयीचे झाले असते. 

दम्याच्या पंपवाल्याचा दावा फेरतपासणीस पाठवला. साहेबांनी कारण विचारले. लिहिले : ‘अर्जदाराला औषध कशास म्हणावे हे माहीत नसण्याची शक्यता आहे.’ साहेब म्हणाले, तुम्ही? तुम्ही हे लिहिलंत? बरं वाटत नाही का?

२६ मे

बिलिरुबिन १.८. डोळे पांढरे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवीन औषध देता येईल, अर्ध्या मात्रेपासून सुरू करू. वहिनी तेथेच रडल्या. दादा त्यांना म्हणाला, बघ, बस रंगवणाऱ्यानं रंग काढूनही दाखवला.

नंतर स्कॅनचे सांगितले. गाठ मार्चमध्ये चार सेंटिमीटर होती, आता साडेपाच. नवे औषध ती गाठ रोखेल का, हे दोन महिन्यांनी कळेल.

बाहेर पडताना एकटा मागे राहून विचारले, या दीडमधलं माझं किती? सोळा एप्रिलला औषध सुरू झालं असतं, तर किती वाढली असती? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ते मला सांगता येणार नाही आणि कोणालाच सांगता येणार नाही. मी म्हणालो, अंदाजे. त्या म्हणाल्या, काका, घरी जा.

त्यांनी मला काका म्हटले. हे अधिक लागले.

२८ मे, सकाळी ८.३०

नवे औषध सुरू. पुतणीने सर्व कारभार आपल्याकडे घेतला आहे. गोळ्या तिच्या डब्यात, डब्याची किल्ली वहिनींकडे. माझा तक्ता कपाटाच्या दारावरून मी एप्रिलमध्येच काढला होता. तेथे चार कोपऱ्यांना चिकटपट्टीचे डाग राहिले आहेत. नवा तक्ता तिने केला. दोन रकाने कमी आहेत. सुचवावेसे वाटले होते.

दादा म्हणाला, अगं, काकालाही काहीतरी काम दे, नाहीतर वाचायला बसेल. बराच विचार करून पुतणीने मला पाण्याचा ग्लास भरून आणायला सांगितले.

पाणी कोमट असल्यास गोळी लवकर विरघळते, असे मी म्हणालो. तिने विचारले, हे कुठे वाचलंत?

साधेच भरून आणले.